घरच्या जेवणासोबत परवडणारी रेड वाइन: आधी पातेल्यात बघा, मग बाटलीकडे

रेड वाइन घ्यायला गेलं की बहुतेकजण आधी बाटली उचलतात आणि मग घरी येऊन जेवणासोबत कशी लागते ते बघतात. मी पण बरेच दिवस हेच करायचो. एकदा टोमॅटो सॉसमधल्या पास्त्यासोबत चांगली म्हणून आणलेली कॅबर्ने सोविन्यॉन उघडली, नुसती प्यायली तेव्हा मस्त होती पण पास्त्याच्या एका घासानंतर कडू लागायला लागली, थोडी लोखंडासारखीच, आणि मग ना पास्त्याची मजा राहिली ना वाइनची. बाटली खराब नव्हती, जोडी चुकली होती. तेव्हापासून मी उलटं करतो, आधी पातेल्यात काय आहे ते बघतो, त्यातली सगळ्यात जोरात बोलणारी चव ओळखतो आणि मग वाइनचा विचार करतो. असं केलं की पैसे पण कमी लागतात, कारण जेवणासोबत साधी, ताजी वाइन बर्‍याचदा भारी वाइनपेक्षा छान लागते. हे मी मनाची समजूत म्हणून नाही सांगत, त्यामागे कारणं आहेत, ती पुढे येतीलच.

आधी हे समजून घ्या की महाग बाटलीत जास्तीचे पैसे कशाचे असतात. एक म्हणजे जागेचं नाव, नावाजलेल्या गावची जमीनच महाग, तिथली द्राक्षं महाग. दुसरं लाकूड. वाइन मुरवायचं ओकचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं, म्हणजे त्यातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात आणि नवीन पिंप बरंच महाग असतं, तो खर्च त्या ३०० बाटल्यांवरच बसतो. तिसरं म्हणजे वेळ, दोन-तीन वर्षं माल तळघरात पडून राहिला की त्याचेही पैसे लागतात. आता यातलं काहीच नको असेल, म्हणजे प्रसिद्ध नाव नको, नवं लाकूड नको, लांबलचक मुरवणं नको, तर चांगली वाइन स्वस्तात बनू शकते, फक्त ती ताजी, फळांच्या चवीची आणि लवकर प्यायची असेल. म्हणून स्वस्तात शोधायची ती अशी वाइन जी स्वस्त असण्यातच चांगली आहे. महागड्या वाइनची नक्कल करणारी बाटली टाळायची, ज्यात पिंपाऐवजी ओकच्या चिपा टाकून व्हॅनिला आणि धुराचा वास आणलेला असतो आणि वर किंचित गोडवा ठेवलेला असतो. पहिला घोट छान वाटतो, जेवताना दुसर्‍या ग्लासला कंटाळा येतो.

अजून एक, अगदीच तळाची बाटली पण नका घेऊ. काच, बूच, लेबल, वाहतूक हा खर्च प्रत्येक बाटलीला जवळपास सारखाच असतो, त्यामुळे सगळ्यात स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला फारच थोडे पैसे उरतात. एकच पायरी वर गेलात की तो वाढीव पैसा बराचसा द्राक्षांवर जातो. त्यापुढे मात्र प्रत्येक पायरीला फायदा कमी कमी होत जातो. २००८ मध्ये ६,००० हून जास्त ब्लाइंड टेस्टिंगच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या, म्हणजे किंमत न सांगता चाखायला दिलेल्या वाइनच्या, त्यात असं दिसलं की वाइनचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाइन जास्त आवडत नव्हती, उलट किंचित कमीच आवडत होती.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: चमचाभर चाखा

जेवण मटणाचं आहे की चिकनचं की भाजीचं, हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की सॉस किंवा रस्सा कसा आहे. तेच चिकन लिंबू-लसूण लावून भाजलं तर एक वाइन, क्रीममध्ये शिजवलं तर दुसरी, तिखट रश्श्यात टाकलं तर तिसरीच. चमचाभर चाखा आणि स्वतःला विचारा: यात आंबट किती, तेल-तूप-चरबी किती, तिखट किती, गोड किती, मीठ किती. जे सगळ्यात वर येतंय तेच पकडायचं, बाकीचं सोडून द्यायचं. पाच गोष्टी एकदम जुळवायला गेलात तर दुकानातच रात्र होईल.

दुसरी पायरी: वाइनमधल्या चार गोष्टी

आंबटपणा. घोट घेतल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं ना, तो. जेवणासोबतच्या वाइनमध्ये माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा गुण, कारण याच्यामुळे तोंड साफ होतं आणि पुढचा घास खावासा वाटतो. जेवणात आंबट जास्त आणि वाइनमध्ये कमी असेल तर वाइन पाणचट, बेचव लागते.

तुरटपणा, म्हणजे टॅनिन. जास्त उकळलेला काळा चहा प्यायल्यावर जीभ कोरडी होते, हिरड्या आखडतात, तेच. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतं आणि लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं, म्हणून तोंड कोरडं वाटतं. ताटात मांस आणि चरबी असेल तर टॅनिनला चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाइन मऊ लागते. स्टेकसोबत तुरट वाइन चांगली लागते ती याच कारणामुळे, यात काही शिष्टाचार वगैरे नाही.

तिसरं म्हणजे बॉडी, जाडपणा म्हणा. बिनसायीचं दूध आणि साय असलेलं दूध तोंडात जसं वेगळं वाटतं तसं. हलक्या जेवणाला हलकी, जड जेवणाला जड, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

चौथं अल्कोहोल. हे लेबलवर छापलेलंच असतं म्हणून अंदाज करायची गरज नाही. १२-१२.५ टक्के म्हणजे बहुतेक वेळा हलकी वाइन, १४.५ च्या वर म्हणजे उन्हात पिकलेली, जड, घशाला गरम लागणारी. दुकानात बाटली उघडून बघता येत नाही ना, मग हा आकडा हाच तुमचा सगळ्यात खात्रीचा सुगावा.

तिसरी पायरी: कशाचं काय होतं

मीठ आणि आंबट जेवणात असेल तर वाइन सौम्य आणि फळदार लागते, ही चांगली बातमी. गोड आणि उमामी, म्हणजे मशरूम, सोया सॉस, मुरलेलं चीज यातली ती खोल चव, या दोन गोष्टी वाइनला त्रास देतात, वाइन जास्त कडू, जास्त आंबट, जास्त तुरट वाटायला लागते. उपाय सोपा आहे, उमामी असेल तर पदार्थात मीठ बरोबर आहे का बघा आणि वर थोडं लिंबू पिळा, वाइन लगेच सावरते. हे नक्की करून बघा, आधी एक घोट, मग लिंबू पिळून एक घास, मग परत घोट. मला वाइन कळायला लागली ती पुस्तकं वाचून नाही, असल्या छोट्या प्रयोगांतून.

तिखटाचं वेगळं आहे. अल्कोहोलने तिखटाची आग भडकते आणि टॅनिनने ती खरखरीत होते, त्यामुळे तिखट जेवणासोबत जड, तुरट, १५ टक्क्यांची वाइन म्हणजे आगीत तेल. तिथे कमी अल्कोहोल, कमी तुरट, भरपूर फळ आणि थोडी गार असं पाहिजे.

मासे. रेड वाइन आणि मासे नको असं म्हणतात, ते अर्धं खरं आहे. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाच्या तेलासोबत तोंडात एक उग्र मासट वास उरतो, जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे लोहामुळे होतं असं दाखवलं. पण लोह किती ते लेबलवर नसतं, म्हणून मासे असतील तर कमी तुरट हलकी रेड घ्यायची आणि तीही ट्यूना किंवा सॅमनसारख्या भरदार, भाजलेल्या माशासोबत. नाजूक पांढर्‍या माशाला रेडचा हट्ट सोडून द्या.

चौथी पायरी: आता नावं

टोमॅटो असलेलं काहीही, पास्ता, पिझ्झा, टोमॅटोत शिजवलेलं चिकन, वांगं. इथे आंबट वाइनच पाहिजे आणि इटलीची द्राक्षं त्यात पक्की. माझी पहिली निवड बार्बेरा, कारण त्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा अगदी कमी, त्यामुळे टोमॅटोशी भांडत नाही. लेबलवर बार्बेरा दास्ती असं दिसेल. दुसरी साधी कियान्ती, यात कमीत कमी ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष असतं. काळा कोंबडा छापलेली असते ती कियान्ती क्लासिको, ती वेगळी आणि सहसा महाग, रोजच्या पास्त्याला साधी पुरते. तिसरी माँतेपुल्चानो दाब्रुझ्झो, ही रंगाने गडद, मऊ आणि परवडणारी. नावाचा एक घोळ मात्र आहे, व्हीनो नोबिले दी माँतेपुल्चानो नावाची वाइन असते ती सांजोवेझेची, तिथे माँतेपुल्चानो हे गावाचं नाव आहे आणि आब्रुझ्झोच्या बाटलीवर ते द्राक्षाचं नाव आहे. दोन्ही शेजारी ठेवलेल्या असल्या की लोक चुकीची उचलतात.

भाजलेलं चिकन, मशरूम, डाळी-कडधान्यं, भाजलेल्या भाज्या, म्हणजे मधल्या वजनाचं घरगुती जेवण. इथे कोत द्यु रोन घ्या, फ्रान्सच्या रोन नदीच्या खोर्‍यातली, मुख्य द्राक्ष ग्रेनाश, सोबत सिरा वगैरे. किंवा तेच ग्रेनाश स्पेनमधलं, तिथे त्याला गार्नाचा म्हणतात, कालातायुद आणि काम्पो दे बोर्खा या भागांची नावं पाठ करून ठेवा, जुन्या वेली आणि कमी प्रसिद्धी, म्हणजे आपल्याला हवं तेच. फक्त टक्केवारी बघा, ग्रेनाशमध्ये अल्कोहोल पटकन चढतं.

याच जेवणाला पुस्तकात पिनो न्वार लिहिलेलं असतं, पण स्वस्त पिनो न्वारबद्दल मी सावध राहायला सांगेन. पातळ सालीचं, नखरेल द्राक्ष आहे, पीक कमी येतं, स्वस्तात चांगलं बनवणं अवघड. त्याऐवजी गामे द्राक्षाची बोजोले घ्या, हलकी, आंबटगोड फळांची, तुरटपणा नावाला. नोव्हेंबरच्या तिसर्‍या गुरुवारी येते ती बोजोले नूव्हो, ती नव्हे, बोजोले-व्हिलाज लिहिलेली घ्या, किमतीत थोडा फरक पडतो पण चवीत बराच जाणवतो. तिखट जेवणालासुद्धा माझी निवड हीच, नीट गार करून. आणि मिळाली तर लाम्ब्रुस्को, इटलीची फसफसणारी रेड, अल्कोहोल कमी आणि किंचित गोड प्रकारही मिळतो, तिखटासोबत ती खरंच सुंदर लागते, लोक तिला उगाच हलकी समजतात.

मटण, बीफ, हळूहळू शिजवलेला स्टू, ग्रिल. इथे तुरटपणा चालतो, नव्हे हवाच. अर्जेंटिनातली माल्बेक सगळ्यात सोपी, कुठेही मिळते आणि सहसा निराश करत नाही. स्पेनच्या हुमिया भागातली मोनास्त्रेल अजून दणकट. लांब शिजलेल्या स्टूला पोर्तुगालच्या दोरू, दाओं, आलेन्तेजू या भागांतल्या वाइन बघा, तिथली द्राक्षांची नावं ओळखीची नसतात म्हणून लोक पुढे जातात आणि त्यामुळेच दाम कमी राहतो. कॅबर्ने घ्यायचीच असेल तर ती इथे, चरबीच्या मांसासोबत, पास्त्यासोबत नाही.

गोडसर सॉस, म्हणजे बार्बेक्यू वगैरे, त्याला प्रिमितिव्हो किंवा झिनफांडेल, पिकलेल्या फळांच्या चवीची. ही दोन्ही एकच द्राक्ष आहेत, डीएनए तपासणीत ते क्रोएशियातल्या एका जुन्या जातीशी जुळलं. लेबलवरचं नाव बदललं की किंमत बदलते, म्हणून दोन्ही बघा आणि स्वस्त असेल ती उचला.

ढोबळी मिरची, राजमा, हिरव्या पानांचा मसाला असेल तर चिलीची कार्मेनेर. तिच्यात स्वतःमध्येच ढोबळी मिरचीसारखा वास असतो. ही वाइन चिलीत कितीतरी वर्षं मर्लो समजून विकली जात होती, १९९४ मध्ये एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने मळ्यात वेली बघून सांगितलं की अहो ही मर्लो नाहीच.

पाचवी पायरी: लेबल वाचताना

कुठल्या शब्दाला वजन आहे आणि कुठला नुसता सजावटीचा हे कळलं की पैसे वाचतात. स्पेनच्या रिओहा भागातल्या रेडच्या बाटलीवरचे शब्द कायद्याने बांधलेले आहेत: क्रिआन्सा म्हणजे किमान २ वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान १ वर्ष लाकडात, रेसेर्वा ३ वर्षं, ग्रान रेसेर्वा ५ वर्षं. घरच्या जेवणाला क्रिआन्सा भरपूर झाली. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात रिझर्व्ह या शब्दाची व्याख्याच नाही, कोणीही लिहू शकतं. फ्रेंच लेबलवर जुन्या वेलींची वाइन म्हणून लिहिलेलं असतं त्यालाही वयाची ठराविक अट नाही. द्राक्षाचं नाव लिहिलं असेल तर युरोपात त्या बाटलीत ते द्राक्ष किमान ८५ टक्के असावं लागतं, अमेरिकेत साधारण ७५.

सल्फाइट्स, म्हणजे वाइन टिकवायला वापरतात ते रसायन, आहेत असं वाचून घाबरू नका, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की बर्‍याच देशांत ते लिहावंच लागतं, म्हणून जवळपास प्रत्येक बाटलीवर असतं. ज्यांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, विशेषतः काही दमेकर्‍यांना, त्यांनी मात्र ते गांभीर्याने घ्यावं. शाकाहारी पाहुणे असतील तर व्हीगन खूण शोधा, कारण वाइन स्वच्छ करायला कधीकधी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात.

जड बाटली, खोल बूड, मेणाचं सील, यातल्या कशाचाही आतल्या वाइनशी संबंध नाही. स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका, ताज्या प्यायच्या वाइनला ती बुचापेक्षा चांगलीच, कारण बुचामुळे लागणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास तिच्यात सहसा येत नाही. बाटलीवरचं वर्ष मात्र बघा. बोजोले, बार्बेरासारख्या साध्या वाइन शक्यतो मागच्या दोन-तीन वर्षांतल्या घ्या, स्वस्त वाइन जुनी झाली की मुरत नाही, मरते. आणि काचेच्या खिडकीत उन्हात उभी ठेवलेली बाटली कितीही सवलतीत असली तरी नको.

दुकानदाराला विचारायला लाजू नका, फक्त चांगली रेड द्या म्हणू नका. असं सांगा: टोमॅटोतलं चिकन केलंय, आंबटसर आणि कमी तुरट हवी, इतक्यापर्यंतचं बजेट आहे. बजेट आधी सांगितलं की बोलणं मुद्द्यावर येतं.

सहावी पायरी: घरी आल्यावर

सगळ्यात जास्त वाइन इथे बिघडते आणि ती सुद्धा फुकटात टाळता येते. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची हे वाक्य घरं गार असायची तेव्हाचं आहे. २७-२८ अंशांच्या खोलीत ठेवलेली वाइन दारूसारखी उग्र आणि चिकट लागते. हलक्या रेडला १२ ते १४ अंश, जडला १६ ते १८. थर्मामीटर नको, जड वाइन तास-दीड तास फ्रीजमध्ये, हलकी दोन तास किंवा थोडी जास्त. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं. जास्त गार झाली तर ग्लास हातात धरा, पण जास्त गरम झाली तर जेवण सुरू झाल्यावर काही करता येत नाही, म्हणून चुकायचंच तर गारकडे चुका.

नंतर हवा. तरुण, तुरट वाइन जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की बरीच मोकळी होते. स्क्रू कॅपच्या वाइनला पहिल्यांदा विझलेल्या काडीसारखा वास आला तर तोही हवेने जातो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट वर्तमानपत्राचा वास मात्र जात नाही, ती बाटली बुचाने बिघडलेली असते, बिल असेल तर बदलून मागा. ग्लास तिसरा हिस्साच भरा, वास साठायला जागा लागते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात, त्या हिशोबाने बाटल्या आणा, आणि ज्याला गाडी चालवायचीय त्याला आग्रह करू नका.

उरलेली वाइन बूच किंवा झाकण लावून फ्रीजमध्येच ठेवा, रेडसुद्धा, तीन-चार दिवस चांगली राहते. पाणी प्यायच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर अजून टिकते कारण हवा कमी लागते. त्यानंतर ती स्वयंपाकाची, कांदा परतल्यावर पातेल्यात ओता आणि निम्मी होईपर्यंत आटवा. पण लक्षात ठेवा, शिजवलं म्हणजे अल्कोहोल सगळं उडतं असं नाही, १५ मिनिटं शिजवल्यावरही साधारण ४० टक्के उरतं, अडीच तासांनी ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून घरात लहान मुलं किंवा न पिणारी माणसं जेवणार असतील तर त्यांचा वाटा वाइन घालायच्या आधीच बाजूला काढा.

आणि टेबल आवरताना बाटलीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही लेबलांचा फोटो काढा, सोबत काय खाल्लं ते एका ओळीत लिहा. दहा-बारा फोटो झाले की दुकानदाराला तेच दाखवायचे.